ती अळी आपण पुन्हा त्याच शेंड्यावर ठेवलीत

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

कीड लागलेला माझा वाल पाहून आपण आमच्या परसातून निघालात त्याला आता महिना उलटला. त्या दिवशी माझ्या तोंडून "चहा तरी घ्या" यापलीकडे शब्द फुटला नाही. राहून गेलेले ते बोलणे आज लिहिते आहे, आणि वाल-पावटा लावणाऱ्या इतरांच्याही वाचनात यावे म्हणून उघड पत्रातच लिहिते आहे.

मार्गशीर्षात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले आणि मांडवावरच्या वालाला मावा लागला. कोवळे शेंडे, फुलांचे दांडे, बोटाएवढ्या शेंगा काळ्या किड्यांनी गच्च भरल्या, खालची पाने त्यांच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट्याने चकाकू लागली आणि त्यांवर काजळीसारखी बुरशी चढली. हे बियाणे माझ्या माहेरचे, पेणकडचे. आईने राखेत घोळवून ठेवलेल्या दाण्यांपैकी शेवटची मूठ माझ्याकडे होती, म्हणून माझा जीव त्या वेलात अडकला होता.

गेल्या वर्षीही हेच झाले होते. तेव्हा मी औषधांच्या एका दुकानात गेले, तर पिशवीतून पान बाहेर काढेपर्यंत दुकानदाराने बाटली पुढे ठेवलीही होती. वेल फुलावर आहे का, शेंगा घरात खायच्या आहेत का, फवारल्यावर किती दिवस तोडणी थांबवायची, यांपैकी एक अक्षरही त्याने विचारले वा सांगितले नाही. फवारणीनंतर मावा गेला आणि सकाळी फुलांवर घोंघावणारे मोठे काळे भुंगेही गेले. पंधरा दिवसांत परत आला तो फक्त मावा, तोही पहिल्याहून जास्त. पुन्हा विचारायला गेले तेव्हा "प्रमाण वाढवा" एवढेच उत्तर मिळाले. त्या शेंगा मी तीन वर्षांच्या नातवाच्या ताटात वाढणार होते, याचा त्या माणसाने क्षणभरही विचार केला नाही, ही गोष्ट मला अजून बोचते.

आपण आलात ते भिंग घेऊन. उपडी बादली ओढून वेलाखाली बसलात आणि एक शेंडा हळूच वाकवलात. त्यावर एक काळपट, पाठीवर नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी निमुळती अळी होती. हीच सगळ्याचे मूळ असणार असे वाटून मी चिमटीत धरायला हात पुढे केला, तेव्हा आपण काही न बोलता आपला तळहात मध्ये आणलात. अळीला बोटावर चढू दिलेत, भिंग माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, "आधी तिचे जेवण बघा." गुडघे दुखत असतानाही आपण तशाच बसून राहिलात, आणि त्या अळीने एक मावा तोंडात धरून त्याचे रिकामे कातडे टाकून देईपर्यंत मी भिंगातून पाहत राहिले. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी होती आणि कोषात जाण्यापूर्वी ती असे शेकडो किडे फस्त करते, हे आपण नंतर सांगितलेत. मग करंगळीच्या टोकाने तिला पुन्हा त्याच शेंड्यावर, मावा सर्वांत दाट होता तिथे, अलगद ठेवलीत.

बाई, त्या करंगळीसाठी हे पत्र आहे. आपण माझ्या मुलीला सातवीत विज्ञान शिकवलेत, पण त्या दिवशी मला एकदाही अडाणी वाटू दिले नाहीत. ज्याला माहिती आहे त्याने समोरच्याला न हिणवता, त्याच्या बरोबरीने खाली बसून दाखवावे, असा चांगुलपणा जिथे भेटतो तिथे माणूस आयुष्यभर बांधला जातो.

माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही, ती थेट पिल्ले घालते आणि ती पिल्लेही आठवडाभरात विऊ लागतात. त्यांना खाणारे कीटक मात्र इतक्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून एका फवाऱ्यात दोघेही मेले तर मावाच पुढे निघून जातो. हे आपण सांगितलेत तेव्हा कुठे गेल्या वर्षीचे कोडे मला उलगडले. पानांवरचे फुगलेले, तपकिरी, निर्जीव मावे मी रोगट समजून खरवडत होते. त्यांच्या पोटात इवल्या गांधीलमाशीची पिल्ले वाढत आहेत, हेही आपणच दाखवलेत. वालाच्या मुळांवरच्या गाठी स्वतः नत्र मिळवत असताना मी वर युरिया घातला होता आणि त्या लुसलुशीत वाढीवरच मावा तुटून पडला होता, ही माझी चूक आपण इतक्या हळुवारपणे सांगितलीत की ती ऐकताना मला लाज वाटली नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारला, पण अळ्या असलेले शेंडे वगळून. चिकट्याच्या लोभाने माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांची मांडवाच्या खांबांवरची वाट बंद केली. निंबोळी अर्क आपण सांगितल्याप्रमाणे शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवला होता, तो काढावाच लागला नाही. पहिले दहा दिवस काहीच फरक दिसेना आणि माझा धीर सुटत आला होता. तिसऱ्या आठवड्यात शेंडे हिरवे दिसू लागले. मावा आजही थोडा आहे, आणि तो थोडा असायलाच हवा, नाहीतर ढालकिडे उपाशी निघून जातील, हे आता मला पटले आहे. काळे भुंगे परत आले आहेत. काल मांडवाच्या सुतळीवर केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकांना चिकटलेली पांढुरकी अंडी दिसली. ती आपण वर्णन केलेल्या क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका कीटकाची, असावीत, म्हणून ती सुतळी मी हलवलेली नाही.

येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लावणार आहोत. मडक्यातल्या निम्म्या शेंगा याच वेलाच्या असतील, भांबुर्डीचा पाला मुलगा आणणार आहे. आपण अवश्य यावे. येताना भिंग आणावे, नातवाला ती अंडी पाहायची आहेत.

आपली कृतज्ञ,
मागच्या आळीतली वालवाली