धोक्याचे गुण देताना

महोदय,

कामाच्या ठिकाणचा धोका मोजण्याची साधी पद्धत आता अनेकांना ठाऊक आहे. अपघात घडण्याची शक्यता १ ते ५, इजेची तीव्रता १ ते ५ आणि दोन्हींचा गुणाकार. २५ पैकी जितके गुण जास्त, तितकी उपायाची घाई जास्त. पद्धत चांगलीच आहे, पण निव्वळ गुणाकारावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

सांडलेल्या पाण्यावरून कोणीतरी रोज घसरते, किरकोळ खरचटते. शक्यता ५, तीव्रता १. बंद टाकीत उतरलेला कामगार विषारी वायूने गुदमरण्याची शक्यता १ धरली, तरी तीव्रता ५. दोन्हींचे गुण पाचच! म्हणून जिथे तीव्रता ५, तिथे एकूण गुण न बघता आधी उपाय हवा. आतली हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर लक्ष ठेवायला माणूस असल्याशिवाय टाकीत कोणी उतरूच नये. अडकलेल्याला वाचवायला तसाच आत उतरणाराही अनेकदा प्राणाला मुकतो.

गुण ठरवताना प्रत्यक्ष काम करणारा माणूस समोर हवा. यंत्राची संरक्षक जाळी सफाईसाठी दर पाळीत काढावी लागते, हे त्यालाच माहीत असते. शिवाय हातमोजे वाटले की गुण लगेच उतरवायचे, ही सवय सोडायला हवी. फिरत्या भागांजवळ हातमोज्यासकट हात ओढला जातो. तिथे जाळीच पक्की करावी लागते.

– एक वाचक