डेनेरिस, उत्तर आणि तुझी लक्ष्मीअक्का

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतकी तणतणत होतीस की मला मधे बोलायलाच मिळालं नाही, म्हणून आता दुपारचं निवांत लिहायलेय. आपल्या सोलापूरचं ऊन तुला माहितीये, ह्या टायमाला गल्लीत चिटपाखरू नसतं. तुझं म्हणणं काय, तर 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या डेनेरिसची सिरीयलवाल्यांनी शेवटी वाट लावली, तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आणि त्याच दमात, आई मी लिहिलेली लक्ष्मीअक्काची गोष्ट वाचलीस का, कशी वाटली. दोन्हीचं एकत्रच सांगते, कारण मला तो एकच विषय वाटायलाय.

आधी तुझी डेनेरिस. ती सिरीयल तूच मला दाखवलीस (काही सीन रिमोट हिसकावून पळवलेस ते वेगळं), त्यामुळं मलाही बोलायचा हक्क आहे. शहर शरण आलं, घंटा वाजल्या, तरी ही ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळत सुटली. तुला धक्का बसला, मला नाही बसला. पहिल्याच सीझनमधे तिनं त्या जादूटोणावाल्या बाईला चितेवर बांधून जाळलं तेव्हा आपण काय केलं गं? मीरीनमधल्या मालक लोकांना तिनं खांबांवर ठोकलं तेव्हा तर तू सोफ्यावर उभी राहून ओरडलीस. मरणारे वाईट होते म्हणून मारणारी आपल्याला चांगली वाटली, एवढंच. त्यामुळं ती बिघडली ह्यात काही खोट नाही. खोट आहे ती घाईत. आधीच्या सहा सीझनना 10-10 एपिसोड, सातव्याला 7, आणि शेवटच्या, 2019 च्या सीझनला फक्त 6. एवढ्या मोठ्या बाईला पाडायचं तर ती एकटी पडताना, जवळच्यांवर संशय घेताना आपल्याला बघू तर दे की जरा निवांत. ते उरकून टाकलं, मग ती एका मिनिटात फिरल्यासारखी वाटते आणि लोक चिडतात.

ह्याच्या उलट तुझा लहानपणचा, हॅरी पॉटरमधला नेव्हिल आठव. बेडूक हरवणारा, झाडूवरून पडणारा गोलमटोल पोरगा. 1997 च्या पहिल्या पुस्तकात तो हॅरी-रॉन-हर्मायनीला रात्री अडवतो, आणि शेवटी डम्बलडोर त्याला 10 पॉईंट देतात, मित्रांसमोर उभं राहिल्याबद्दल. वाचताना आपल्याला ती गंमत वाटते, पण लिहिणाऱ्या बाईनं तिथं बी पेरून ठेवलंय. पाचव्या पुस्तकात कळतं की व्होल्डेमॉर्टला हरवणाऱ्या पोराची भविष्यवाणी ह्यालाही लागू पडत होती, त्या दुष्टानं हॅरीला निवडलं म्हणून हॅरी हिरो झाला. आणि 2007 ला शेवटच्या पुस्तकात तोच तलवार काढून नागिणीचं मुंडकं उडवतो. तू तेव्हा रडलीस, आठवतंय? ते एका सीनचं रडणं नव्हतं, दहा वर्षांचं साठलेलं होतं.

आता माझ्या आवडीचं. महाभारत घडलं का नाही त्या वादात मला पडायचं नाही, पात्रं म्हणूनच बघू. विराट राजाचा मुलगा उत्तर सगळ्यांना माहितीये, अंतःपुरात बायकांपुढं बढाया मारणारा, म्हणे सारथी मिळू दे, मग बघा कौरवांचं काय करतो, आणि समोर सैन्य दिसल्यावर रथातून उडी मारून पळत सुटलेला. बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन, मागं धावून त्याला धरून आणते. आपले आजोबा हे असं रंगवून सांगायचे की आम्ही पोरं लोळायचो. पण पुढचं कुणी सांगत नाही. कुरुक्षेत्रावरच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी हाच उत्तर हत्तीवर बसून थेट कौरवांकडच्या शल्यावर चालून जातो, शल्याच्या रथाचे चारी घोडे तुडवतो, आणि शल्यानं फेकलेलं शक्ती नावाचं शस्त्र लागून तिथंच मरतो. पळाला नाही ह्यावेळी. तरी नाव घेतलं की लोकांना पळालेलाच आठवतो, कारण पळण्याची गोष्ट ऐसपैस सांगितलीये आणि मरण चार ओळीत आटपलंय. म्हणजे पात्रानं कमावलं तरी लिहिणाऱ्यानं जागा दिली नाही तर वाचणाऱ्याच्या खात्यात ते जमाच होत नाही.

आणि द्यूतसभा. द्रौपदी प्रश्न विचारते तेव्हा सगळे भीष्माकडं बघतात, ज्याच्या एका प्रतिज्ञेवर अख्खं घराणं उभं, आणि तो माणूस म्हणतो धर्माची गती सूक्ष्म असते. झालं! माझा अजून संताप होतो, लहानपणी झाला होता तेवढाच. त्याच सभेत उठून बोलतो कोण, तर विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ, शंभरातला एक, ज्याचं नाव परीक्षेत विचारलं तर निम्म्यांना यायचं नाही. म्हणतो, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, मग हिला पणाला लावायचा त्याला अधिकार कुठला. आणि त्याला गप्प बसवणारा कर्ण बरं का, तुझ्या पप्पांचा लाडका, ज्याच्यासाठी ते दरवर्षी मृत्युंजय काढून बसतात. ह्या सीनला मात्र पप्पांना चहा आठवतो.

तर आता तुझी विड्या वळणारी लक्ष्मीअक्का. गोष्ट चांगली आहे, खोटं सांगत नाही. मांडीवरचं सूप, ओलं केलेलं पान, कात्रीनं कापून त्यात तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा, तेलुगूत सुनेवर ओरडायचं आणि मराठीत देवाला, सगळं आपल्या अशोक चौकाच्या मागच्या गल्लीतलं वाटतं. पण सहा पानं जी बाई मान वर करत नाही ती सातव्या पानावर विड्या तपासणाऱ्या चेकरच्या हातातून छाट, म्हणजे नापास विड्यांचा ढीग ओढून घेते आणि भाषण ठोकते? मला पटलं नाही गं. ती बंड करूच शकत नाही असं नाही, आपल्याकडं विडीवाल्या बायकांनी मोर्चे काढून काढून शेजारच्या कुंभारीला घरं मिळवली, त्यांना गरीब गाय समजायची चूक करू नको. पण तुझ्या लक्ष्मीअक्कात ते आधी कुठंच दिसत नाही. तुझ्या डेनेरिसचं जे झालं तेच तू हिचं केलंयस, फक्त उलट्या दिशेनं.

मला विचारशील तर दुसऱ्या पानावर, जिथं चेकर तिच्या विड्या बाजूला फेकतो, तिथं तिला नुसतं मोजू दे. तोंडातून शब्द नको, फक्त ओठ हलू देत. घरी जाऊन नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहू दे. पुढं परत एकदा. मग सातव्या पानावर ती भाषण न देता ती वही टेबलावर ठेवेल, आणि वाचणारा म्हणेल हां, ही करणारच होती.

आणि त्या चेकरला एवढा राक्षस करू नको. त्यालाही वरून कुणीतरी सांगितलेलं असणार की रोज एवढी छाट निघालीच पाहिजे. वही बघून तो काय करतो ते तू अजून ठरवलेलंच नाहीस असं मला वाटायलंय, म्हणून तर त्याला घाईघाईत पळवून लावलंयस. शेवट आत्ता बदलू नको, आधी दुसरं पान नव्यानं लिहून पाठव. रविवारच्या आत पाठवलंस तर बरं, नंतर दिप्याच्या लग्नाची गडबड सुरू होतेय.

तुझी,
आई