अशिलांचे पासवर्ड उघड्या चिठ्ठ्यांवर नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विवरणपत्रे भरण्याचे दिवस आले की कोल्हापूरच्या शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी भागांतील आम्हा कर सल्लागारांच्या कार्यालयांत संगणकाच्या पडद्यावर विंडोजमधील ‘स्टिकी नोट्स’ या टिपणांच्या सोयीतल्या पिवळ्या चिठ्ठ्यांची गर्दी होते. कुणाचा पॅन, कुणाचा जीएसटीचा पासवर्ड, कुणाचा बँक खाते क्रमांक, सारे त्यांवर लिहिलेले असते. आयकर पोर्टलवर पॅन हाच वापरकर्ता क्रमांक असल्यामुळे पॅन आणि पासवर्ड एकाच चिठ्ठीवर असणे म्हणजे अशिलाचे खाते वाचणाऱ्याच्या हाती देणे आहे. समोर बसलेल्या दुसऱ्या अशिलालाही त्या चिठ्ठ्या सहज वाचता येतात, याचा आपण गांभीर्याने विचार करत नाही.

पडद्यावरून चिठ्ठी मिटवली, संगणकाला पासवर्ड लावला की काम भागले, असा सर्वसाधारण समज आहे आणि तोच मला अधिक धोक्याचा वाटतो. विंडोज १० आणि ११ मधील स्टिकी नोट्सचा मजकूर वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘प्लम डॉट एसक्यूलाइट’ नावाच्या फाइलमध्ये साठतो आणि ती फाइल कूटबद्ध (एन्क्रिप्टेड), म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, नसते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर विंडोजचा पासवर्ड ठाऊक नसतानाही तो मजकूर वाचता येतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुने संगणक विकण्याचे किंवा बदलून घेण्याचे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत भिजलेली यंत्रेही दुरुस्तीला किंवा भंगारात गेलीच होती. अशा यंत्रांबरोबर अशिलांची गुपितेही बाहेर जाऊ शकतात.

विंडोजमधील बिटलॉकरसारखी सोय संपूर्ण डिस्क कूटबद्ध करते आणि ती जिथे उपलब्ध आहे तिथे अवश्य सुरू करावी. परंतु तिचे संरक्षण मुख्यतः यंत्र बंद असताना उपयोगी पडते. सकाळी लॉगिन केल्यानंतर दिवसभर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला सर्व चिठ्ठ्या उघड्याच असतात. म्हणून चिठ्ठी स्वतः स्वतंत्र पासवर्डने कूटबद्ध असली पाहिजे. चांगल्या प्रणालीत आपल्या पासवर्डपासून किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने, बहुधा एईएस या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने, मजकूर बंद केला जातो. ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये स्वीकारली आणि २५६ बिटांच्या किल्लीसह ती आजही विश्वासार्ह मानली जाते. अर्थात किल्ली ज्यापासून बनते तो पासवर्डच दुकानाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक असेल, तर या पद्धतीचे बळ वाया जाते.

कीपास हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पासवर्डसोबत टिपणेही कूटबद्ध फाइलमध्ये ठेवते. स्टँडर्ड नोट्स या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये मजकूर आपल्याच यंत्रावर कूटबद्ध होऊन मगच सर्व्हरकडे जातो. मात्र अशा साधनांचा मुख्य पासवर्ड विसरल्यास ‘फरगॉट पासवर्ड’चा आधार नसतो. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा आणि कूटबद्ध फाइलची एक प्रत दुसऱ्या जागी असावी. पुराच्या पाण्याचा अनुभव असलेल्या आपल्या शहरात ही दुसरी जागा नदीकाठापासून दूर असावी, हे वेगळे सांगायला नको. उघडलेली चिठ्ठी मात्र पडद्यावर इतर मजकुरासारखीच दिसते, त्यामुळे खुर्ची सोडताना विंडोज आणि एल या कळा एकत्र दाबून पडदा कुलूपबंद (लॉक) करण्याची सवय सहकाऱ्यांना लावावी लागेल.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकतो आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. पण दंडाची भीती नसती तरीही, वर्षानुवर्षे विश्वासाने कागदपत्रे सोपवणाऱ्या शेतकऱ्याचे, फाउंड्रीवाल्याचे आणि गुजरीतील सराफाचे आपण एवढे देणे लागतोच.

शहरातील कर सल्लागार आणि व्यापारी संघटनांनी मार्चची धांदल सुरू होण्यापूर्वी कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी या विषयावर प्रात्यक्षिकासह एक कार्यशाळा घ्यावी, आणि संगणक विकण्यापूर्वी डिस्क कशी पुसावी हेही त्यात करून दाखवावे, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर