बर्फातल्या फोटोसहलीबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. रविवारी सूर्योदयाच्या तासभर आधी ठरलेल्या जागी जमायचं आहे. पहाटेचा निळसर उजेड फार वेळ टिकत नाही, म्हणून उशीर नको.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरून चालतं, त्यामुळे पांढराशुभ्र बर्फ मळकट उमटतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +1 ते +2 ठेवा; हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे कापला जात नाही ना, तेवढं बघा; कापला गेला तर बर्फातले बारकावे जातात. सावलीतला बर्फ निळा दिसेल. तो आकाशाचा उजेड असतो, मला तरी तसाच आवडतो.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत त्या झपाट्याने उतरतात. लेन्सवर फुंकर मारू नका, वाफ तिथेच गोठते. परतल्यावर उबदार हवेतलं बाष्प गार कॅमेऱ्यावर जमू नये म्हणून खोलीत शिरण्याआधीच तो घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि तास-दोन तास उघडू नका. कार्ड त्याआधी काढून घ्या, नाहीतर फोटो बघायची घाई आवरत नाही.

कळकळीची विनंती: सगळ्यांचे फोटो होईपर्यंत समोरच्या कोऱ्या बर्फात कुणीही पाऊल टाकू नये. कड्याच्या टोकाला वाऱ्याने साचलेला बर्फ खालून पोकळ असू शकतो, त्यावर तर अजिबात जायचं नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.