मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करा

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स.न.वि.वि.

मी इंदुरात रामबागेत राहते. लग्नानंतर सहा वर्षं मूल झालं नाही आणि त्या सहा वर्षांत तपासण्या झाल्या त्या फक्त माझ्या. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण, सगळं झालं. डोहाळजेवणाला ओटी भरायला मला कुणी पुढे बोलावेनासं झालं. ह्यांची साधी वीर्यतपासणी मात्र एकाही डॉक्टरने सुचवली नाही. जोडप्यांतल्या वंध्यत्वात जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण असतं, तरीही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी ती करवली. वीर्य 0.6 मिलिलिटर, शुक्राणू शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत प्रमाणाची खालची मर्यादा 1.4 मिलिलिटर आहे. ह्यांचा चेहरा उतरला. बाईंनी रिपोर्ट उलटा करून मागे चित्र काढलं. शुक्राणू वृषणात तयार होतात, पण वृषणांकडून येणारा भाग वीर्यात शंभरातले जेमतेम पाच. जवळपास दोन तृतीयांश रस दोन वीर्यकोशांचा, त्यात शुक्राणूंना ताकद देणारी फ्रुक्टोज साखर. उरलेला बहुतेक मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा. गोठलेलं वीर्य पातळ करून शुक्राणूंना मोकळं करणारं द्रव्य त्यातच असतं. ह्यांच्या वीर्यात ती साखर अजिबात नव्हती, म्हणजे वीर्यकोशांचा रस बाहेर येतच नव्हता. वृषणं ठणठणीत होती. वाट पुढे बंद होती. शस्त्रक्रियेने ती मोकळी झाली, शुक्राणू दिसू लागले, पण तोवर माझी अडतिशी उलटली होती.

मंत्रिमहोदय, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी सुरू करा, आणि ती एकदाच करून थांबू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मधल्या तापानेसुद्धा आकडा घसरतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, रोज तापल्या कढईपुढे उभ्या राहणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला नको का?

लसीकरणाला आणलेल्या मुलग्याची वृषणं खाली उतरली आहेत की नाहीत, हे तिथेच हाताने बघता येतं. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाले तर वृषणांना सूज येऊ शकते, आणि सरकारी गोवर-रुबेला लसीत गालगुंडाची लस नाही. तीही द्या.

आणि नमुना द्यायला एक खोली द्या. ह्यांना प्रयोगशाळेच्या संडासात पाठवलं होतं, बाहेर लोक दार ठोठावत होते. घामाघूम होऊन, डबी रुमालात गुंडाळून ते बाहेर आले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मोठा खर्च नाही हो, आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली. बाकीचं व्हायला वेळ लागणार असेल तर निदान ती आधी करा.

आपली नम्र,
रामबाग, इंदूर येथील एक रहिवासी