ट्रक खोललाय, रागावू नका, आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही अर्ध्यातच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितोय. ट्रकचं टायमिंग कव्हर, म्हणजे आई, इंजिनाच्या पुढचं टायमिंग चेनवरचं झाकण, मी काल खोललं. तुम्हाला विचारलं नाही हे चुकलंच, पण विचारलं असतं तर "रोज थोडं ऑइल टाकलं की भागतंय" म्हणाला असतात आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो.

भागत नव्हतं हो. कव्हरची पॅकिंग खालच्या कोपऱ्यात, जिथे खालचा ऑइलचा चेंबर येऊन मिळतो ना, तिथे पार कडक होऊन तुटली होती. तिथून येणारं ऑइल पंख्याच्या वाऱ्याने मागे उडत होतं, म्हणून अख्खं इंजिन ओलं दिसायचं आणि गळती नक्की कुठून ते कळत नव्हतं. बेल्टसुद्धा ऑइलने माखलेला. तो सरकायला लागला की चार्जिंग जातं, वॉटर पंप नीट फिरत नाही, इंजिन तापतं. त्या वेळेला घाटात काय झालं होतं ते आईला विचारा. आणि बाहेरून लावलेला सिलिकॉनचा थर पण दिसला मला बाबा. तेलकट जागेवर तो धरत नाही हे तुम्हीच मला शिकवलंय, तरी या पाठीने खाली झोपून लावलात. तुम्हाला जमत नाही म्हणून मी हात घातला असं मनात पण आणू नका, त्या थंड फरशीवर तुम्ही झोपलेले मला बघवत नाही एवढंच.

काम तुमच्याच पद्धतीने केलंय. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, ऑइल-कूलंट उतरवलं, पंखा, बेल्ट, वॉटर पंप बाजूला केला. क्रँकची पुली पुलरनेच काढली, ठोकाठोकी अजिबात नाही. बोल्ट लहानमोठे आहेत म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याचा त्याच्या जागी खोचला. लहानपणी ते माझं काम असायचं, आठवतं? टॉर्च धरून धरून हात दुखायचा आणि तुम्ही म्हणायचात, उजेड माझ्या तोंडावर नको, बोल्टवर पाड. काल एकटाच होतो तरी दोनदा मागे वळून बघितलं.

टायमिंग चेनला हात लावलेला नाही, तिच्या खुणा जिथल्या तिथे आहेत. जुनी पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली, कव्हर ॲल्युमिनियमचं, चरा पडला तर परत गळणार. कव्हर निघालंच होतं म्हणून क्रँकचं पुढचं सीलही नवीन टाकलं, नाहीतर उद्या ते गळलं की पुन्हा पुली काढा. नवीन पॅकिंग बसवली, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, बोल्ट टॉर्क रेंचने समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. आता सिलिकॉन सुकायला पूर्ण 24 तास देतोय. उद्या नवीन ऑइल, फिल्टर, कूलंट भरून मग स्टार्टर मारीन.

तोपर्यंत तुम्ही दोघं ताईकडेच राहा. आई, बाबांची रात्रीची गोळी तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, आणि तुझा गुडघ्याचा पट्टा मी ताईच्या बॅगेत टाकलाय, तो लाव, नुसता उशाशी ठेवू नकोस. बाबा, सीटवरची गादी उन्हात टाकलीय, पाठीशी एक जास्तीची उशी शिवून घेतलीय. आरसे तुमच्या हिशोबाचे आहेत तसेच आहेत, हलवलेले नाहीत.

आल्यावर पहिले काही दिवस सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक बघायची आणि खाली पुठ्ठा टाकून ठेवायचा. डाग दिसला तर मला फोन, स्वतः खाली जायचं नाही. रेडिएटरची पातळीही थंड असतानाच बघायची, गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, घाई असली तरी नाही. एखादा बोल्ट "अजून थोडासा" आवळायला पाना घेऊ नका बाबा, प्लीज, कव्हर तडकेल. ट्रकच्या खालचं सगळं काम यापुढे माझं. स्टिअरिंग तुमचंच आहे, ते मी मागत नाहीये.

आणि हो, तुमचा हरवलेला चष्मा सापडला, एअर फिल्टरच्या डब्यामागे होता. काच शाबूत आहे, पुसून ठेवलाय.

तुमचा,
बाळू