वारसांना नोटीस द्या, संमती मागू नका: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाचा नोंदीचा अर्ज स्वीकारण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहणारी निवृत्त शिक्षिका. माझ्या एका मैत्रिणीने आपल्या मृत्युपत्रात मला व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं ज्याचं त्याला पोचवणारी एक्झिक्युटर, नेमलं. तिची इस्टेट काही मोठी नव्हती. राजारामपुरीत पगारातून हप्ते फेडून बांधलेलं घर, करवीर तालुक्यात वडिलांकडून वाट्याला आलेली थोडी शेतजमीन, ठेवी, पतसंस्थेतलं एक खातं आणि अंगावरचं सोनं. ठेवींचं आणि सोन्याचं काम निभावलं. घर आणि जमीन मात्र सरकारी कागदांवर नाव बदलण्याच्या नोंदीवाचून अडकून पडली आहेत. घराचं मालमत्ता पत्रक, जमिनीचा सातबारा आणि मृत्युपत्राची दस्तनोंदणी ही तिन्ही कामं आपल्याच खात्याची, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य तिने नोकरी करून स्वतःच्या बळावर काढलं. अशी बाई मृत्युपत्र न करता गेली तर काय होतं हे आपल्याकडच्या फार थोड्या बायकांना माहीत असतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 15 प्रमाणे मूलबाळ आणि नवरा नसलेल्या बाईची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचं प्रकरण आलं होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच तिचा नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवून उभं केलं आणि ती नोकरीला लागली. ती मृत्युपत्र न करता गेली, तेव्हा तिची ठेव आणि भविष्य निर्वाह निधी नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेला. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कायदा असा आहे, असं न्यायालयाला म्हणावं लागलं.

माझ्या मैत्रिणीला हे सगळं ठाऊक होतं. सासरबद्दल तिच्या मनात राग नव्हता, पण घर कुणाला द्यायचं ते तिला स्वतः ठरवायचं होतं. कॅन्सर पसरल्यावर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिने मला जवळ बसवून एकेक गोष्ट लिहायला लावली. घर आणि जमीन भावाच्या मुलीला. घरातली मागची खोली मात्र तिचं करणाऱ्या मावशींना, त्या हयात असेपर्यंत राहायला. कोल्हापुरी साज धाकट्या दिराच्या मुलीला, कारण तो सासूबाईंचा होता आणि सासरचा दागिना सासरी जावा असं तिचं म्हणणं. मी साज गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, नेऊन वजन करून आणला. सोनाराने एक मणी नखावर वाजवून दाखवला आणि म्हणाला, "आत लाख हाय, ती वजा धरा." मी लाखेसकट आणि लाखेशिवाय अशी दोन्ही वजनं कागदावर घेतली. तिने ती वाचली आणि म्हणाली, "वजन राहू दे गं. आधी लिही, हा सासूबाईंच्या गळ्यातला आहे."

मरणाच्या दारातल्या माणसाचा असा हिशेब किती बारकाईचा असतो ते मी तेव्हा पाहिलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मध्ये देण्यांचा क्रम ठरवून दिलेला आहे. अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी, मग कोर्टाचं काही काम निघालं तर त्याचा, त्यानंतर घरकाम करणाऱ्याची किंवा मजुराची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी, आणि बाकीची देणी त्याच्यामागे. हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. मावशींचा पगार बँकेच्याही आधी येतो, हे तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

दस्त घरी येऊन नोंदवावा असा आम्ही अर्ज केला होता. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 31 आणि 38 प्रमाणे अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे अधिकारी जाऊ शकतात. पण तारीख मिळेना आणि तिची शुद्ध येऊन जाऊन राहू लागली. शेवटी एका सकाळी ती पूर्ण भानावर असताना घरीच सह्या झाल्या. साक्षीला शेजारचे एक गृहस्थ आणि तिचे डॉक्टर. डॉक्टरांनी मानसिक स्थितीचा दाखला त्याच वेळी लिहून दिला. कायद्याला एवढं पुरतं. दोन साक्षीदार हवेत, स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही.

"मी गेल्यावर लोक तुला विचारतील, तू कोण म्हणून," ती म्हणाली होती. "तू हा कागद दाखव."

तो कागद मी दाखवला. नोंदणी कायद्याच्या कलम 40 मध्ये सोय आहे की, मृत्युपत्र करणारा माणूस गेल्यानंतर व्यवस्थापक ते नोंदणीसाठी हजर करू शकतो. मुदतीचं बंधनही नाही. त्याप्रमाणे मी गेले. अधिकाऱ्यांनी साक्षीदारांचे जबाब घेतले, मृत्यूचा दाखला पाहिला, मृत्युपत्रातलं माझं नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघितलं आणि दस्त नोंदवला. त्या कार्यालयात मी तिची कोण, हा प्रश्न मृत्युपत्राने सोडवला.

तोच नोंदलेला दस्त घेऊन मी नोंदीच्या कामाला गेले आणि तिथे प्रश्न नव्याने सुरू झाला. "तुम्ही त्यांच्या कोण लागता?" मी म्हटलं, मैत्रीण, मृत्युपत्राची व्यवस्थापक. "असं चालत नाही ताई. सगळ्या कायदेशीर वारसांच्या संमतीच्या सह्या आणा, नाहीतर प्रोबेट आणा." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र.

महोदय, या एका वाक्याने मृत्युपत्राचा अर्थच संपतो. घराचे कायदेशीर वारस म्हणजे तिचे दीर. घर दुसऱ्या कुणाला मिळावं म्हणून तर तिने मृत्युपत्र केलं, आणि आता त्यांनीच मान्य केलं तर ते अंमलात येणार! धाकट्या दिराने आनंदाने सही दिली. त्यांची मुलगी साज घेऊन गेली तेव्हा पावतीवर सही करताना तिचे डोळे भरून आले होते. थोरले दीर परगावी असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, माझी हरकत काही नाही, पण कागदावर सही करणार नाही. त्यांचा लोभ नाही, हे मी खात्रीने सांगते. सही केली की पुढे काहीतरी अंगाशी येतं, ही भीती आपल्याकडे घराघरांत आहे. अशा एका न झालेल्या सहीपायी एका बाईची शेवटची इच्छा पडून राहते.

प्रोबेटचं म्हणाल तर हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला त्याची सक्ती असायची ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती. कोल्हापुरातल्या घराला ती कधीच नव्हती. मला असंही ऐकवलं गेलं की, आता उच्च न्यायालय कोल्हापुरात आलंय, आता लागणार. ऑगस्ट 2025 मध्ये इथे सर्किट बेंच सुरू झालं, ही आम्हा कोल्हापूरकरांच्या कित्येक वर्षांच्या लढ्याची कमाई आहे. त्या बेंचमुळे प्रोबेट सक्तीचं झालेलं नाही. मी विनंती केली की, कोणत्या कलमाखाली प्रोबेट मागता ते लेखी द्या. लेखी काही मिळालं नाही.

खिडकीमागच्या माणसाची अडचण मला समजते. खोटी मृत्युपत्रं होतात. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उठवून जमिनी लाटल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत, आणि चुकीची नोंद धरली तर चौकशी त्या कर्मचाऱ्याच्या मागे लागते. त्याला सावध राहावंच लागतं. पण त्यासाठीची व्यवस्था महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये आधीपासून आहे. कलम 149 सांगतं की, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवा. कलम 150 सांगतं की, नोंद धरा, हितसंबंधितांना नोटीस द्या, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्या आणि सुनावणी करून निर्णय द्या. फेरफाराने, म्हणजे महसुली नोंदीतल्या नावबदलाने, मालकी ठरत नाही, ती ठरवणारं दिवाणी न्यायालय वेगळं आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. म्हणजे वारसाला कळवायचं, त्याला बोलायची संधी द्यायची, आणि तो बोलला तर ऐकायचं. तो गप्प बसला तर काम थांबवायचं, असं संहितेत कुठेही लिहिलेलं नाही.

1925 च्या कायद्याचं कलम 211 तर व्यवस्थापकाला मृताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणतं आणि मिळकत त्याच्याकडे येते असं सांगतं. माझ्या मालकीचं म्हणून नव्हे, पोचवण्यासाठी. या घरातली एक वीटही मला नको आहे. मृत्युपत्रात माझ्या नावावर काहीच नाही, आणि ते तसंच असावं असं मीच तिला सांगितलं होतं.

आपल्या खात्याने 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम घेतली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली. गावोगावी लोकांना त्याचा उपयोग झाला, माझ्या माहेरच्या गावातही झाला. आता मृत्युपत्रांकडे त्याच आस्थेने पाहावं, एवढीच माझी मागणी आहे. मूळ मृत्युपत्र किंवा नोंदलेली प्रत, मृत्यूचा दाखला आणि ओळखीचा पुरावा घेऊन व्यवस्थापक आला तर त्याचा अर्ज स्वीकारावा, पोच द्यावी आणि वारसांना नोटीस काढावी, असं स्पष्ट परिपत्रक तलाठ्यापासून नगर भूमापन कार्यालयापर्यंत जावं. संमतीपत्र किंवा प्रोबेट मागायचं असेल तर कलम नमूद करून लेखी मागावं. मावशींसारख्यांचा हयातीतला राहण्याचा हक्क मालमत्ता पत्रकावर शेरा म्हणून चढावा, नाहीतर उद्या घर विकलं गेलं तर त्यांच्या हातात दाखवायला काही उरणार नाही. आणि ज्याचे दिवस डॉक्टरांनी मोजून सांगितले आहेत, त्याच्या घरी दस्त नोंदवायला किती दिवसांत जायचं ते ठरवून द्यावं.

मावशी अजून त्या मागच्या खोलीत आहेत. भावाची मुलगी भली आहे, ती त्यांना उठवणार नाही. तरी घराकडे कुणी अनोळखी माणूस वळला की मावशी मला फोन करतात, "बाई, मला हितनं काढत्यात का हो?" सरकारदरबारी अजून काही लागलेलं नाही, हे त्यांना कळतं, आणि त्यांची समजूत घालायला माझ्याकडे कागद नाही.

नोंदलेलं मृत्युपत्र, डॉक्टरांचा दाखला, धाकट्या दिरांची संमती, साजाची पावती आणि मी दिलेल्या अर्जांच्या प्रती माझ्याकडे फाइलमध्ये लावून ठेवलेल्या आहेत. आपल्या कार्यालयाने बोलावलं तर मंत्रालयात घेऊन येते, किंवा इथे कोल्हापुरात ज्या अधिकाऱ्यांना आपण सांगाल त्यांच्यापुढे ठेवते.

कळावे,

आपली विश्वासू,
एका मृत्युपत्राची व्यवस्थापक,
कोल्हापूर